चौदा दिवसांत नऊ शहरं?

मागच्या अंकात युरोपातल्या रेल्वेप्रवासाबद्दल प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांची आहेत आणि बहुतेकांची यादी सुट्टीपेक्षा लांब आहे. सारखे प्रश्न एकत्र करून काही पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको आणि १५ व ११ वर्षांची दोन मुलं मे महिन्यात १४ दिवसांसाठी युरोपला जायचं म्हणतोय. आमच्यापैकी कुणीच आजवर परदेशात गेलेलं नाही. लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, झ्युरिक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम अशी यादी केली आहे. गाड्या फार वेगवान आहेत म्हणतात. पॅरिसहून ब्रसेल्सला दीड तासही लागत नाही. मग एवढं जमायला हरकत नाही ना?

उत्तर : जमेल की. फक्त परत आल्यावर नऊ स्टेशनं पाहिली असं सांगावं लागेल.

आधी दिवस मोजणं सोडा आणि रात्री मोजा. १४ दिवसांच्या सहलीत १३ रात्री मिळतात. त्यातला पहिला दिवस विमानाच्या शिणवट्यात जातो आणि शेवटचा विमानतळ गाठण्यात. नऊ शहरं म्हणजे आठ वेळा बिऱ्हाड हलवायचं. दर खेपेला अर्धा दिवस जातो, मग गाडी दीड तासाची असो की चार तासांची.

तुमचंच पॅरिस-ब्रसेल्स घ्या. गाडी १ तास २२ मिनिटांची. पण त्या दिवशी सकाळी आठला उठून चौघांच्या बॅगा भरायच्या, चार्जर आणि टूथब्रश राहिला नाही ना ते पाहायचं, दहाच्या आत खोली सोडायची, बॅगा घेऊन मेट्रोचे जिने उतरायचे-चढायचे आणि गाडीच्या अर्धा तास आधी गार द्यु नोर स्टेशनात उभं राहायचं. ब्रसेल्स-मिदीला उतरलात की दुपारचा एक. ते स्टेशन जुन्या शहरापासून जरा बाजूला आहे, म्हणजे पुन्हा मेट्रो किंवा ट्राम. हॉटेलवाला सांगणार, खोली तीनला मिळेल. मग बॅगा त्याच्याकडे टाकून जेवायला बाहेर. शहर बघायला सुरुवात होते ती अडीच वाजता, आणि तेवढ्यात धाकट्याचे पाय दुखायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बॅगा.

माझा हिशेब असा : मोठ्या शहरात शक्यतो तीन रात्रींपेक्षा कमी राहायचं नाही, कारण तीन रात्रींत धड दोनच पूर्ण दिवस हाती लागतात. लहान गावाला दोन चालतात. एकच रात्र फक्त पहाटेच्या विमानासाठी. १३ रात्रींना हा हिशेब लावला की शहरं चारच उरतात.

आता कात्री. लंडन पहिलं जाईल. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात नाही, त्यामुळे वेगळा व्हिसा, वेगळी फी, वेगळी वाट पाहणी. शिवाय लंडनच्या युरोस्टार गाडीत बसण्याआधी विमानतळासारखी पासपोर्ट आणि सामानाची तपासणी असते. ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम आणि कोलोन ही एका बाजूची शहरं आहेत, त्यांची कधीतरी स्वतंत्र सहल करा. उरलेली शहरं नकाशावर एका रेघेत येतात : पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. विमानाचं तिकीट जाताना पॅरिसचं आणि येताना रोमचं काढा. एकाच शहराचं परतीचं तिकीट थोडं स्वस्त दिसतं खरं, पण रोमहून पॅरिसला परतण्यात एक अख्खा दिवस आणि चौघांची तिकिटं जातात.

तर पॅरिस ४ रात्री, ल्युत्सर्न ३, फ्लॉरेन्स ३, रोम ३. झ्युरिकच्या जागी ल्युत्सर्न घातलं आहे ते मुलांसाठी. स्टेशनाच्या समोरच तळं आहे आणि रस्ता ओलांडला की बोटींचा धक्का. बोटीनं फिट्सनाउला जायचं आणि तिथून दात्याच्या रुळांवर चढणाऱ्या गाडीनं रिगी पर्वतावर. ही १८७१ साली सुरू झालेली गाडी, युरोपातली पहिली दात्यांची डोंगरी रेल्वे. स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर बोट आणि रिगीची गाडी दोन्ही त्यात येतात, आणि आई-वडिलांच्या पासावर मुलांसाठी मोफत फॅमिली कार्ड मिळतं. ते सोळा पूर्ण होईपर्यंत चालतं, म्हणजे तुमची दोन्ही मुलं बसतात. पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचे असतात. चार दिवसांचा घेतला तर निघायच्या दिवशी इटलीच्या सरहद्दीपर्यंतचा प्रवासही त्यात बसतो.

पॅरिसच्या गार द लियाँहून बाझेल तीन तास, तिथून ल्युत्सर्न तासाभरावर. तुमचा सगळ्यात लांब दिवस ल्युत्सर्न ते फ्लॉरेन्स : मिलानपर्यंत तीन तासांहून थोडा जास्त, मिलानला गाडी बदलायची, पुढे दोन तास. वाटेत २०१६ साली सुरू झालेला ५७ किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा लागतो. जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा म्हणून मुलांना सांगायला छान, पण आत वीस मिनिटं काळोखाशिवाय काही दिसत नाही. बोगद्याच्या वरून जाणारी १८८२ ची जुनी घाटवाट अजून चालू आहे. तिच्यावर वासन गावाजवळ गाडी डोंगरात अशी गिरक्या घेते की एकच चर्च तीन वेगवेगळ्या उंचीवरून दिसतं. तिकडून गेलं तर वेळ बराच जास्त लागतो. मुक्कामाच्या शहरी लवकर पोचायची घाई नसेल तर मी तिकडूनच जाईन.

व्हेनिस गेलं म्हणून रागावू नका. फ्लॉरेन्सहून सव्वादोन तासांवर आहे, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. गर्दीच्या दिवसांत नुसत्या दिवसभरासाठी येणाऱ्यांना शहरात शिरायची फी आहे, ती आधी ऑनलाइन भरा. तिकीट काढताना व्हेनेत्सिया सांता लुचिया निवडा. व्हेनेत्सिया मेस्त्रे हे व्हेनिसच्या अलीकडचं, मुख्य भूमीवरचं स्टेशन. तिथे चुकून उतरलेली आणि पाणी दिसत नाही म्हणून गोंधळलेली मंडळी फलाटावर नेहमी भेटतात. पण खरं सांगू? व्हेनिस संध्याकाळी सहानंतर बघायचं शहर आहे. ते फार मनात असेल तर फ्लॉरेन्सच काढून टाका आणि तीनही रात्री तिकडे राहा.

मुक्काम ठरले की तारखांवर वार लिहा. पॅरिसचं लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. फ्लॉरेन्सचं उफीत्सी कलासंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. तीन रात्रींच्या मुक्कामात नेमका तो वार आला तर मुक्काम एक दिवस पुढेमागे सरकवा. हे आत्ता फुकटात होतं, नंतर होत नाही.

प्रश्न : व्हिसासाठी सगळा बेत दाखवावा लागतो, स्वस्त तिकिटं हवीत तर ती आधी घ्यावी लागतात आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे बुडतात. सुरुवात नेमकी कुठून करायची?

उत्तर : सुरुवात रात्रींपासूनच, कारण व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा तेही रात्रींच्या आकड्यावरच ठरतं. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज. सारखेच दिवस असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. वरच्या कुटुंबाच्या बेतात फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ३ आणि इटली ६ रात्री आहेत. विमान पॅरिसला उतरत असलं तरी त्यांचा अर्ज इटलीकडे जाईल. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तिथे पैसेही फ्रँकमध्ये, पण शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे एकाच व्हिशावर तिन्ही देश होतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ज देण्याची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या बाजूलाच राहा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

राहायची जागा रद्द करता येईल अशीच घ्या. रेल्वेचं काय, तर अर्जासोबत कुठल्या तारखेला कुठून कुठे, किती वाजता, असा कागद नीट टाइप करून जोडा. पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत घेऊ नका, कितीही स्वस्त दिसलं तरी. फ्रान्सच्या टीजीव्ही म्हणजे वेगवान गाड्यांची विक्री बहुधा तीन-चार महिने आधी उघडते, जर्मनीची त्याहून बरीच आधी. अर्ज वेळेत केलात तर व्हिसा येतो तेव्हा बऱ्यापैकी दर शिल्लक असतात. उशीर झालाच तर आठवड्याच्या मधल्या वारांची, दुपारची गाडी बघा. सगळ्यात महाग शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार.

एक बारीक गोष्ट. युरोपभर रेल्वेचं वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं. नाताळात जाणाऱ्यांना ऑगस्टमध्ये शोधल्यावर गाडीच दिसत नाही आणि ते हवालदिल होतात. गाडी असते, विक्री उघडलेली नसते.

प्रश्न : मावशी, मी कोलोनला एमएस करते. आई-बाबा सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच येणार आहेत, १० दिवसांसाठी. कोलोन, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करायचं आहे. हॉटेलचा खर्च वाचावा म्हणून दोन रात्री गाडीत काढू का? आणि पास घेऊ की सुटी तिकिटं?

उत्तर : तुझी रेघ सरळ आहे, शाब्बास. बुडापेस्टहून त्यांचं परतीचं विमान काढ, म्हणजे मागे यायला नको. ९ रात्री अशा वाट : कोलोन २ तुझ्याकडे, म्युनिक २, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट २. साल्झबर्गला राहू नका, म्युनिकहून दिवसाची फेरी करा. प्रादेशिक गाडीनं दोन तासांचं अंतर आहे आणि बायर्न-टिकिट, म्हणजे म्युनिकच्या बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधीची गाडी धरता येत नाही. तू तुझं डॉइचलंडटिकिट, म्हणजे जर्मनीभरच्या प्रादेशिक गाड्यांचं महिन्याचं तिकीट वापर, तेही साल्झबर्गपर्यंत चालतं. आई-बाबांसाठी ते काढू नकोस. २०२६ च्या जानेवारीपासून ते महिन्याला ६३ युरोंचं झालं आहे, शिवाय ते आपोआप पुढे चालू राहतं. दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात.

रात्रीच्या गाडीबद्दल. खुर्चीच्या डब्यात आई-बाबांना रात्रभर बसवलंस तर दुसरा दिवस सगळ्यांचा वाया जाईल आणि तुला ते आयुष्यभर ऐकावं लागेल. झोपायच्या डब्यात तिघांची खोली घेतलीस तर तिचे पैसे हॉटेलच्या आसपास जातात. मग बचत कुठली? रात्रीची गाडी एरवी अख्खा दिवस खाणारं अंतर झोपेत संपवायला असते. तुझ्या बेतात तसं अंतरच नाही. कोलोन-म्युनिक साडेचार तास, म्युनिक-व्हिएन्ना चारच्या आसपास, व्हिएन्ना-बुडापेस्ट दोन तास चाळीस मिनिटं.

उलट कोलोनहून निघताना वेगवान मार्गाची गाडी घेऊ नकोस. ती २००२ च्या नव्या रुळांवरून जाते, बोगदे आणि महामार्ग. कोब्लेंत्स-माइंत्सवरून जाणारी जुन्या मार्गाची गाडी तासभर जास्त घेते, पण ऱ्हाइनच्या काठाकाठानं जाते. गाडीच्या दिशेनं तोंड करून डाव्या बाजूच्या जागा घे, नदी त्या बाजूला असते. किल्ले, द्राक्षांचे मळे, लोरेलाईचा कडा, सगळं खिडकीतून दिसतं. आई-बाबांना पुढे बऱ्याच काळानं जर्मनी म्हटल्यावर काय आठवेल, तर हेच.

पास नको. तीनच मोठे प्रवास आहेत, सुटी तिकिटं वेळेत घेतलीस तर स्वस्त पडतील. पुढे कधी घेतलास तर लक्षात ठेव, तू तिथली रहिवासी आहेस म्हणून तुला इंटररेल पास मिळेल आणि बाहेरून येणाऱ्या आई-बाबांना युरेल पास. गाड्या त्याच, पण इंटररेलवर आपल्याच राहत्या देशात फक्त देशाबाहेर जाताना एक आणि परत येताना एक असा प्रवास मिळतो.

पासाचा फायदा कुणाला होतो तेही सांगून टाकते, कारण हा प्रश्न प्रत्येक दुसऱ्या पत्रात आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये रोज उठून मनात येईल तिकडे जाणाऱ्यांना होतो, कारण तिथल्या बहुतेक गाड्यांत आरक्षण सक्तीचं नाही. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि टीजीव्ही-युरोस्टारमध्ये पासवाल्यांच्या जागा ठरावीकच असतात. त्या संपल्या की पास खिशात ठेवून पूर्ण भाड्याचं तिकीट काढावं लागतं.

आणि हो, रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांमधली उघडी असतात. हंगेरीत युरो नाही, फोरिंट.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीच्या उंबरठ्यावर आहोत. पॅरिस, बाझेल, मिलान, व्हेनिस असा बेत मुलानं आखून दिला आहे. ऐकतो की तिकडे हमाल नसतात आणि गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. सामानासकट चढणं-उतरणं जमेल का?

उत्तर : जमेल, पण ते सामानावर अवलंबून आहे. हमाल नाहीतच असं धरून चाला. प्रत्येकी एकच बॅग, आणि ती अशी हवी की तुम्ही एकट्यानं, कुणाच्या मदतीशिवाय, तीन पायऱ्या वर उचलू शकाल. घरी भरून जिन्यावर एकदा करून बघा. दम लागला तर बॅगेतले काही कपडे कमी करा. सगळीकडे कपडे धुवून मिळतात.

आता पॅरिसचं स्टेशन डोळ्यांसमोर आणा. गार द लियाँला शिरलात की दोन मोठी दालनं. एकातले फलाट अक्षरांचे, दुसऱ्यातले आकड्यांचे. तुमची गाडी कोणत्या फलाटावर ते सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी फलकावर येतं. तोवर सगळी गर्दी माना वर करून उभी असते, आणि आकडा झळकला की एकदम निघते. तुम्ही त्या धावपळीत पडू नका, पण रेंगाळूही नका, कारण दारं गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात आणि तुमचा डबा फलाटाच्या पार टोकाला असू शकतो. डब्याचा आकडा दाराशेजारी दिसतो. डबे दरवेळी क्रमानं लागतातच असं नाही. फलाटावरच्या फलकात डब्यांची मांडणी दाखवलेली असते, ती एकदा पाहून घ्या.

ही टीजीव्ही दुमजली असते. तिकीट काढताना मुलाला सांगा, खालच्या मजल्यावरच्या जागा घे. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आणि वळणाचा आहे. मोठ्या बॅगा दाराजवळच्या कप्प्यात ठेवायच्या, आणि तो कप्पा लवकर भरतो. बॅगेला नावाची चिठ्ठी लावणं फ्रान्सच्या गाड्यांत सक्तीचं आहे. पासपोर्ट, औषधं, पैसे बॅगेत नाही, अंगावर. सरहद्दीजवळ कधी कधी पोलीस डब्यात येऊन कागद पाहतात, तेव्हा बॅग उघडत बसायची वेळ येऊ नये.

उतरण्याच्या बाबतीत तुमचा मार्ग सोपा आहे. पॅरिसहून येणाऱ्या बहुतेक गाड्या बाझेलला रिकाम्या होतात किंवा बराच वेळ थांबतात. मिलान चेंत्राले आणि व्हेनिसचं सांता लुचिया दोन्ही शेवटची स्टेशनं आहेत, रूळच तिथे संपतात. तिथे कुणी घाई करत नाही. मधल्या स्टेशनावर उतरायचं असेल तेव्हा मात्र दहा मिनिटं आधी उठून बॅगा दाराशी आणा. तिथले लोकही तेच करतात.

व्हेनिसच्या हॉटेलबद्दल मुलाला पुन्हा विचारा. स्टेशनातून बाहेर पडलात की समोर मोठा कालवा, आणि डाव्या हाताला स्काल्त्सी पूल, दोन्ही बाजूंना पायऱ्या. व्हेनिसमध्ये चाकांची बॅग पुलागणिक उचलावी लागते. हॉटेल स्टेशनाच्याच बाजूला, एकही पूल न ओलांडता असेल तर उत्तम. नाहीतर वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यातली बस, तिच्या थांब्याला अगदी लागून. हॉटेलला लिफ्ट आहे का हेही आत्ताच विचारा. जुन्या इमारतींत पुष्कळदा नसते.

दुसरा वर्ग पुरेसा आरामाचा आहे. पैसे जास्त असतील तर ते स्टेशनाजवळच्या हॉटेलात घाला. स्टेशनातली स्वच्छतागृहं बहुतेक ठिकाणी पैसे घेतात, युरोभराची सुटी नाणी वरच्या खिशात असू द्या. गाडीतली फुकट असतात.

प्रश्न : म्युनिकहून झ्युरिकला येऊन तिथून २२ मिनिटांत मिलानची गाडी पकडायची आहे. तिकिटं दोन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर स्वस्त मिळताहेत. उशीर झाला तर दुसरं तिकीट चालेल का?

उत्तर : दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर दुसऱ्या गाडीवाल्यांचा त्याच्याशी संबंध नाही. झ्युरिक-मिलानचं स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. तेच म्युनिक ते मिलान असं एकच सलग तिकीट असेल तर पुढच्या गाडीनं पोचवणं ही त्यांची जबाबदारी. युरोपियन युनियनच्या नियमांप्रमाणे शेवटच्या ठिकाणी एक तास किंवा जास्त उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के आणि दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात, तेही सलग तिकीट असेल तर पूर्ण प्रवासावर मोजून.

२२ मिनिटं पुरतील की नाही ते पहिली गाडी कुठून येते यावर आहे. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात. स्विस गाड्या त्याच वर्षी ९३ टक्क्यांवर, तेही तीन मिनिटांच्या कसोटीनं. त्यामुळे स्वित्झर्लंडच्या आत सात मिनिटांचा बदल मी निर्धास्त घेते. जर्मनीहून येणाऱ्या गाडीनंतर, वेगळं तिकीट असेल, तर दीड तास ठेवा. झ्युरिक स्टेशनात दीड तास सहज जातो, खाली अख्खा बाजार आहे.

विमान उतरलं त्याच दिवशीची, वेळेला बांधलेली स्वस्त गाडी तर घेऊच नका. शेंगेनच्या सरहद्दीवर आता पहिल्यांदा येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. ती रांग किती चालेल ते विमान कंपनीही सांगू शकत नाही.

इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात, पण आधी जाहीर करून. संपाच्या दिवशीही, सुट्टीचा वार नसेल तर, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. निघायच्या आदल्या आठवड्यात एकदा पाहून ठेवा.

प्रश्न : सगळं आधी कशाला? स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं तर मिळत नाही का?

उत्तर : मिळतं. प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, फ्लॉरेन्सहून पिसाला जायचं तर त्याच सकाळी काढा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. वेगवान गाड्यांचे दर मात्र विमानासारखे चढतात, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट होतात. आणि शोधताना शहरांची नावं तिथल्या भाषेतली टाका : फ्लॉरेन्ससाठी फिरेंझे, व्हेनिससाठी व्हेनेत्सिया, व्हिएन्नासाठी वीन. गाड्यांच्या वेळा पाहायला जर्मन रेल्वेचं डीबी नॅविगेटर अ‍ॅप युरोपभर चालतं. तिकीट त्या त्या देशाच्या रेल्वेकडूनच घ्या.